विद्यार्थिनींना पत्रकारिता आवडते, मग पहिली नोकरी का नको?

प्रश्न थोडक्यात असा. पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी 'पत्रकारितेतल्या करिअरकडे पाहण्याचा विद्यार्थिनींचा दृष्टिकोन' या विषयावर लघुप्रबंध करते आहे. 'पत्रकारिता हे मुलींसाठी चांगलं क्षेत्र आहे' या विधानाला जवळजवळ सगळ्या जणींनी होकार दिला. पण 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' याला पीआर (जनसंपर्क), कंटेंट रायटिंग, एमपीएससी, प्राध्यापकी अशी उत्तरं आली. मार्गदर्शकांना माहितीत विसंगती दिसते. त्या विसंगतीचा अर्थ काय लावायचा, आणि प्रश्नावली पुन्हा करायची झाली तर कशी करायची?

माझ्या मते इथे विसंगती नाहीच. पहिल्या प्रश्नात तुम्ही व्यवसायाची प्रतिष्ठा मोजली आणि दुसऱ्यात पहिल्या नोकरीच्या अटी. मुलींचा व्यवसायाबद्दलचा आदर खरा आहे. त्या नाकारतात ती सुरुवातीची दोन-तीन वर्षं, म्हणजे वेळ, पगार, गाव आणि रात्री घरी पोचण्याचा प्रश्न. म्हणून 'पत्रकारिता' हा एकच शब्द प्रश्नावलीत ठेवला की उत्तरं अशीच येणार. तो आधी फोडायला हवा.

दैनिकापासून सुरुवात करू, कारण तिथला गैरसमज सगळ्यात मोठा आहे. बहुतेक विद्यार्थिनींना (आणि त्यांच्या पालकांना) डेस्क सुरक्षित वाटतं आणि बातमीदारी धोक्याची. ऑफिसात बसून काम, उन्हात फिरणं नाही, म्हणून डेस्क बरं. घड्याळ मात्र उलटं सांगतं. शहरातल्या बातमीदाराचा दिवस साधारण अकराला सुरू होतो, महापालिका, पोलीस आयुक्तालय, न्यायालय असं करत दुपारी ऑफिस, आणि मोठी घटना नसेल तर रात्री आठ-नऊपर्यंत कॉपी देऊन सुटका. सकाळच्या दैनिकाचा उपसंपादक संध्याकाळी चार-पाचला येतो. जिल्ह्याची पानं गाड्यांना लांब जायचं असतं म्हणून आधी सुटतात, शहर आवृत्ती शेवटी, बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीनंतर. म्हणजे 'घरी बसल्यासारखं' वाटणारं कामच रात्री एकला रस्त्यावर आणून सोडतं. पुण्यात त्या वेळी पीएमपीची बस मिळेल याचा भरवसा नाही. मुंबईत शेवटची लोकल मिळालीच तरी स्टेशनपासून घरापर्यंतचं अंतर उरतंच. चॅनेलमध्ये तीन पाळ्या फिरतात आणि पहाटेच्या बुलेटिनसाठी निघण्याची वेळ रात्रपाळी सुटण्याइतकीच अडचणीची असते. वेब डेस्कवर घरून काम मिळू शकतं, पण तिथे दिवसाला किती बातम्या टाकायच्या याचा कोटा असतो. दुसऱ्याच्या बातम्या नव्याने लिहीत वर्ष निघून जातं आणि स्वतःचे सोर्स तयार होत नाहीत. तेव्हा विचारायचं ते असं: बातमीदारी, दैनिकाचा डेस्क, पुरवणी, चॅनेलचं इनपुट (बातम्या गोळा करणं), चॅनेलचं आउटपुट (त्या पडद्यावर आणणं), वेब, रेडिओ, यातलं प्रत्येक काम किती वाजता संपतं असं तुम्हाला वाटतं? उत्तरं प्रत्यक्ष वेळांशेजारी ठेवलीत की एक स्वतंत्र प्रकरण तयार होतं.

पुरवणीबद्दल सावध राहा. विद्यार्थिनींच्या उत्तरांत 'फीचर्स' फार वर येतं आणि संशोधक ते आवड म्हणून नोंदवून मोकळे होतात. त्यात आवड असतेच, पण पुरवणीची पानं आगाऊ लागतात आणि काम दिवसा संपतं, हेही असतं. शिवाय इंटर्न मुलगी आली की तिला आपोआप तिकडेच बसवलं जातं. आवड, वेळ आणि वाटपाची सवय या तीन गोष्टी एकाच पर्यायात मिसळल्या आहेत. 'पुरवणीची वेळ पाच ते एक आणि बातमीदारीची दहा ते सहा असती तर काय निवडलं असतं?' एवढा एक प्रश्न जोडला तरी त्या बऱ्याच सुट्या होतात.

आता तालुका. मराठी पत्रकारितेवरचे अभ्यास पुणे-मुंबईच्या वर्गांवर होतात आणि हा भाग सुटतो. मराठी दैनिकांत येणाऱ्यांची मोठी वाट आजही तालुका वार्ताहर, मग जिल्हा कार्यालय, मग मुख्य आवृत्ती अशी आहे. तालुका वार्ताहराचं मानधन नाममात्र असतं. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, दिवाळी, वर्धापनदिन, पतसंस्थेची वार्षिक सभा, प्रत्येक वेळी जाहिरात आणायची आणि मग महिनोन्‌महिने बिलाची वसुली करायची. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याच दारात पैशासाठी उभं राहायचं. मुलांनाही हे नकोसं असतं. मुलीला त्यात आणखी एक गोष्ट आड येते: ही देवाणघेवाण संध्याकाळी हॉटेलात, पक्षाच्या कार्यालयात, कुणाच्या तरी फार्महाउसवर होते, आणि तिथे एकटीने जाणं तिला परवडत नाही. त्यामुळे वाट पहिल्याच टप्प्यावर बंद होते आणि पुढे जिल्हा कार्यालयात 'मुली अर्जच करत नाहीत' असं सांगितलं जातं. तुमच्या नमुन्यात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रांवरच्या किंवा नांदेड, जळगाव, कोल्हापूरकडच्या विद्यार्थिनी असतील तर जाहिरात वसुलीवर वेगळा प्रश्न घ्या. शहरी वर्गात तो प्रश्न कुणाला कळणारही नाही, आणि हा फरकही नोंदवण्यासारखा आहे.

बुंदेलखंडात 2002 पासून चालणाऱ्या 'खबर लहरिया' या वृत्तमाध्यमाचं उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. गावातल्या स्त्रियांनीच बातमीदारी करायची ही रचना तिथे सुरुवातीपासून आहे आणि प्रशिक्षणही संस्थेनेच दिलं. आपल्याकडे त्याचं कौतुक जिद्दीची गोष्ट म्हणून होतं. रचनेचा भाग कुणी वाचत नाही.

पगाराचा प्रश्न 'पगार समाधानकारक वाटतो का' असा विचारू नका. आकडा विचारा: सुरुवातीला महिना किती मिळेल असं वाटतं, आणि पुण्यात किंवा मुंबईत खोली, खाणं, प्रवास धरून किती लागतील? त्यातला फरक म्हणजे घरून मागावे लागणारे पैसे. मुलाला ते दोन वर्षं मिळतात, मुलीला ते लग्नाच्या चर्चेसकट मिळतात. नेमणूक कोणत्या प्रकारची आहे हेही महत्त्वाचं, आणि ते शेवटच्या वर्षापर्यंत बहुतेकींना माहीत नसतं. 'सल्लागार' किंवा 'व्यावसायिक सेवा' अशा करारावर घेतलं की दरमहा 10 टक्के टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापला जातो, भविष्य निर्वाह निधी नसतो, आणि प्रसूती रजेचा हक्क मागायला गेलं तर 'तुम्ही कर्मचारीच नाही' हे उत्तर तयार असतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं ही अट आहे, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे. कागदावरचा हा हक्क कराराच्या एका शब्दाने निसटतो. श्रमिक पत्रकारांसाठीचा 1955 चा कायदा आता नव्या श्रम संहितांमध्ये सामावला आहे आणि व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमांतले पत्रकारही आले आहेत. पण व्याख्येत बसायला आधी नोकरीवर असल्याचा कागद लागतो.

सुरक्षिततेवर तुम्ही एकच प्रश्न ठेवला असेल तर तो काढून टाका. 'पत्रकारिता सुरक्षित आहे का' याचं उत्तर त्या आठवड्यातल्या बातमीवर ठरतं. 2013 मध्ये मुंबईच्या शक्ती मिलच्या आवारात छायापत्रकार तरुणीवर झालेला सामूहिक बलात्कार पालक अजूनही उदाहरण म्हणून सांगतात. 2018 च्या 'मी टू'ने दुसरी बाजू पुढे आणली: धोका निर्जन जागेइतकाच वातानुकूलित केबिनमध्येही असतो. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या मानहानीच्या खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये त्या निर्दोष सुटल्या हे वर्गात शिकवलं जातं, पण तक्रार कुठे करायची हे शिकवलं जात नाही. म्हणून प्रश्न चार करा: प्रवासातली भीती, घटनास्थळावरची भीती (जमाव, सभा, पोलीस), ऑफिसमधली भीती आणि ऑनलाइन ट्रोलिंगची भीती. या चारांची उत्तरं एकमेकांसारखी येत नाहीत आणि उपायही चार वेगळे आहेत.

त्याबरोबर माहितीची चाचणी घ्या. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. शाखा वेगवेगळ्या गावांत असतील तर तिथेही. इंटर्न आणि प्रशिक्षणार्थी कायद्यात येतात. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा आणि संस्थेने दिलेलं वाहन ही 'कामाची जागा'च आहे, म्हणजे पुढाऱ्याच्या बंगल्यावर मुलाखतीला गेलेली बातमीदारही कायद्यात येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. यावर पाच 'बरोबर की चूक' प्रश्न घ्या. रात्रीच्या कामावरही एक घ्या: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी. ज्यांना हे माहीत आहे त्या नोकरीकडे वेगळ्या नजरेने पाहतात का, हे तपासण्यासारखं आहे. माहीत झाल्यावर भीती कमी होईलच असं गृहीत धरू नका, कारण कायदा वाचल्यावर तो पाळला जात नाही हेही लक्षात येतं.

एक बाब प्रश्नावल्यांमध्ये मला कधी फारशी दिसत नाही: स्वच्छतागृह. सभा, रास्ता रोको, निकालाचा दिवस, दुष्काळी दौरा, सलग आठ-दहा तास. मुली त्या दिवशी पाणी पीत नाहीत. हे लाजेने कुणी सांगत नाही, पण पर्यायांच्या यादीत ठेवलंत तर त्यावर खूण येते.

आता पद्धत. सगळ्यात मोठी त्रुटी अशी की तुम्ही मुलांना विचारलेलं नाही. पगार कमी म्हणून पीआरकडे जायचं आहे, हे कारण मुलांचंही असू शकतं. तुलनेशिवाय तुम्ही जे 'विद्यार्थिनींचा दृष्टिकोन' म्हणून मांडाल ते सगळ्या वर्गाचंच निघायचं. त्याच वर्गांतून, त्याच प्रश्नावलीने मुलांचीही उत्तरं घ्या. कुठे फरक नाही हेही तितक्याच ठळकपणे लिहा.

दुसरं, मत विचारण्याआधी वर्तनाची नोंद शोधा. मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसी या माध्यमविषयक पदवी अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला जाहिरात किंवा पत्रकारिता यातलं एक निवडावं लागतं. प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात ती नोंद आहे. चार-पाच महाविद्यालयांची पाच वर्षांची मुलगे-मुली अशी संख्या मिळाली तर ती शंभर मतांपेक्षा वजनदार ठरेल. प्राचार्यांना पत्र देताना नावं नकोत, फक्त संख्या हवी, असं स्पष्ट लिहा. नाहीतर अर्ज फाइलमध्येच राहतो.

तिसरं, विधानांची भाषा. 'पत्रकारिता आव्हानात्मक आणि समाधान देणारं क्षेत्र आहे' या विधानात दोन प्रश्न आहेत. 'मुलींनाही पत्रकारिता जमू शकते' याला नाही म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही. पाच पर्यायांच्या श्रेणीत सगळी विधानं अनुकूल असली की विद्यार्थी एका रांगेत 'सहमत'वर खुणा करत जातात, विशेषतः अर्ज शिक्षक वाटत असतील तर. निम्मी विधानं उलट्या बाजूने लिहा. शिक्षकांना वर्गाबाहेर ठेवा. स्वतःबद्दल न विचारता 'तुमच्या धाकट्या बहिणीला या नोकरीचा सल्ला द्याल का' असं विचारलं की उत्तर जास्त खरं येतं. आणि अहवालात फक्त सरासरी देऊ नका. अर्ध्या जणी 'पूर्ण सहमत' आणि अर्ध्या 'पूर्ण असहमत' असतील तर सरासरी 3 येते आणि 'विद्यार्थिनी तटस्थ आहेत' असा निष्कर्ष छापला जातो.

या कामासाठी सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे नोकरीची कार्डं. एका कार्डावर लिहा: 'सकाळच्या दैनिकात उपसंपादक, शहर आवृत्ती, संध्याकाळी पाच ते रात्री एक, महिना 20,000 रुपये, आठवड्याला एक सुट्टी, परतीची गाडी नाही.' दुसऱ्या कार्डावर सगळं तसंच, फक्त 'परतीची गाडी आहे'. तिसऱ्यावर गाडी नाही पण पगार 26,000. चौथ्यावर पहिल्यासारखंच, फक्त तिथे पाच वर्षं टिकलेली एक ज्येष्ठ सहकारी. आकडे तुमच्या शहरातल्या सध्याच्या ऑफर विचारून ठरवा. प्रत्येकीला एकच कार्ड द्या, चिठ्ठ्या टाकून, आणि 'ही नोकरी घ्याल का' एवढंच विचारा. एकाच कार्डात दोन गोष्टी बदलू नका. ती चूक झाली की फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. गाडीने जास्त जणी हो म्हणतात की सहा हजारांनी, हे कळलं तर तुमचा प्रबंध संपादकाच्याही कामाचा होईल.

संख्येचं भान ठेवा. 120 उत्तरांवर टक्केवारीत साधारण 9 टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात, तेही नमुना यादृच्छिक असेल तर. प्रत्येकी 60 जणींना दोन वेगळी कार्डं दिली तर होकारात जवळपास 18 टक्क्यांचा फरक दिसल्याशिवाय ठामपणे काही म्हणता येत नाही. प्रत्येकी 40 असतील तर 22. म्हणून चार कार्डांऐवजी दोनच घ्या, किंवा आणखी दोन महाविद्यालयं जोडा. 53 आणि 47 टक्क्यांवर परिच्छेद लिहू नका.

मतं कुठे बदलतात हे बघायचं असेल तर तीच प्रश्नावली इंटर्नशिपच्या आधी आणि नंतर भरून घ्या. नावं न घेता दोन्ही अर्ज जुळवायला एक संकेत तयार करता येतो: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस आणि मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. त्याच मुलीचं 'हो' आधी आणि 'नाही' नंतर, अशा जोड्यांसाठी मॅकनेमार चाचणी वापरा. साधी काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी इथे चुकीची ठरते. नंतरच्या अर्जात इंटर्नशिपचा तपशील मागा: किती बातम्या छापून आल्या, त्यातल्या किती नावासह, ऑफिसबाहेर किती दिवस पाठवलं, महापालिका, न्यायालय किंवा पोलीस यातल्या एकाही ठिकाणी नेलं का, प्रवासखर्च मिळाला का. माझा अंदाज असा की मत बदलण्यात सगळ्यात जास्त वाटा 'बाहेर पाठवलं का' याचा निघेल, कारण दोन महिने प्रेस नोट टाइप केलेल्या मुलीला जे काम नकोसं होतं ती पत्रकारिता नसतेच. अंदाज खोटा ठरला तरी आकडे तसेच लिहा.

आदर्शांचा प्रश्न ('कोणत्या महिला पत्रकार आदर्श वाटतात') ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. चॅनेलवरचे चेहरे येतील. सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधु' या पत्राचं संपादन 1906 ते 1912 या काळात सांभाळणाऱ्या तानुबाई बिर्जे यांचं नाव 6 जानेवारीच्या पत्रकार दिनाच्या भाषणात ऐकलेल्या मुलीही अर्जावर लिहीत नाहीत. त्यापेक्षा 'तुमच्या शहरात सध्या बातमीदारी करणाऱ्या किती स्त्रियांना तुम्ही प्रत्यक्ष भेटला आहात' हा आकडा विचारा आणि तो कार्डाच्या उत्तराशी जोडून पाहा.

छळाविषयीचे अनुभव विचारणार असाल तर ते प्रश्न शेवटी, ऐच्छिक, आणि संस्थेचं किंवा व्यक्तीचं नाव न मागता ठेवा. गुगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना, हे पाठवण्याआधी तपासा. 'एका अर्जदाराला एकच उत्तर' हा पर्याय चालू केला तर लॉग-इन मागितलं जातं आणि मुली तिथूनच परततात. अर्जाच्या शेवटी विद्यापीठाच्या अंतर्गत समितीचा आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा संपर्क द्या. समितीची सध्याची सदस्ययादी विभागात लावलेली नसेल तर ती आधी लेखी मागून घ्या. प्रश्नावली त्यानंतरच वाटा.